चाल त्यांची, शब्द आपले, उत्तर कुणाचं?

(गिरणगावातील विनोदी आणि विडंबन गाण्यांवर घोडपदेव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती कमी केली आहे, बोलण्याचा बाज ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर एका ज्येष्ठ मित्राने आम्हाला विचारलं, 'विडंबन गाण्यांवर तासभर काय बोलणार? ती ऐकायची, हसायचं आणि विसरायचं.' त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. विनोदी गाणं हे विसरण्यासाठीच असतं असा आपल्याकडे समज आहे. अभंगाच्या वह्या जपल्या जातात, नाट्यपदांची पुस्तकं निघतात, भावगीतांचे कार्यक्रम पन्नास पन्नास वर्षं चालतात. चाळीच्या गणपतीत कुणीतरी सिनेमाच्या चालीवर रचलेलं, नळाच्या रांगेवरचं गाणं मात्र विसर्जनाबरोबर जातं. आज आम्हाला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. असं गाणं चालतं कसं, म्हणजे त्याची कारागिरी काय? आणि ते चांगलं की वाईट हे ठरवायचं कशावरून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला बरीच वर्षं लागली, आणि त्यात आमची एक चूकही आहे. ती शेवटाकडे सांगू.

आधी जागेबद्दल बोलू. आपण घोडपदेवला बसलो आहोत. एका बाजूला भायखळा आणि माझगाव, दुसऱ्या बाजूला रे रोड आणि कॉटनग्रीन, वर काळाचौकी आणि लालबाग. गिरण्या आणि गोदी या दोन्हींच्या मधली ही वस्ती. इथं रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून आलेला चाकरमानी होता, घाटावरून, म्हणजे सातारा, पुणे, जुन्नर बाजूने आलेला कामगार होता. दोघांच्या पेटीत गावाकडची गाणी होती. कोकणातून भजन आणि जाखडी आली, घाटावरून तमाशा, भारूड आणि पोवाडा आला. इथं त्यांना तिसरी गोष्ट भेटली, ती म्हणजे हिंदी सिनेमाची चाल. या तिघांच्या भेटीतून जे गाणं तयार झालं त्याबद्दल आपण बोलणार आहोत.

विडंबन म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पहिलं नाव येतं प्रल्हाद केशव अत्र्यांचं. 'झेंडूची फुले' हा त्यांचा संग्रह १९२५ सालचा. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी तेव्हाच्या कवितेची, विशेषतः रविकिरण मंडळाच्या वळणाची, जी फिरकी घेतली ती आजही वाचली जाते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अत्र्यांचं विडंबन हे वाचणाऱ्याचं विडंबन होतं. ज्याने मूळ कविता वाचली आहे त्यालाच गंमत कळणार. शाळा-कॉलेजात गेलेला, मासिकं चाळणारा वाचक त्यांच्यासमोर होता. गिरणगावात समान माहितीची गोष्ट कविता नव्हतीच. समान माहितीची गोष्ट होती चाल. वाचता येवो न येवो, रेडिओवरची, सिनेमातली, भजनातली चाल सगळ्यांच्या कानात होती. म्हणून इथलं विडंबन कागदावर झालं नाही, ते गळ्यातून झालं.

आता कारागिरी बघू. एक साधं उदाहरण घेऊ. उदाहरण आमचंच आहे. समजा एक प्रेमगीत आहे आणि त्याच्या ओळीच्या शेवटी 'साजणी' हा शब्द येतो. गायक त्यावर थांबतो, 'णी' लांबवतो. आता 'साजणी'च्या जागी 'बादली' ठेवा. 'सा' गुरू, 'ज' लघु, 'णी' गुरू. 'बा' गुरू, 'द' लघु, 'ली' गुरू. मात्रा तंतोतंत जुळतात. शेवटचा स्वरही तोच, दीर्घ ईकार, म्हणजे यमकाला धक्का नाही. जी तान प्रेयसीसाठी घेतली होती ती आता बादलीसाठी घ्यावी लागते. पहाटे चारला नळाला पाणी येतं, बादली रांगेत लावून माणूस तिची वाट बघत उभा आहे. प्रेमगीतातही वाट बघणं आहे, इथंही आहे. हसू येतं ते या कारणामुळे. नुसता गंभीर शब्दाऐवजी हलका शब्द आला म्हणून येत नाही. दोन्हीकडची भावना खरीच आहे आणि चालीने त्या दोघांना एका जागी आणलं आहे, म्हणून येतं.

कच्चा विडंबनकार इथंच चुकतो. तो मूळ गाण्यातले सगळे शब्द बदलतो. मग ऐकणाऱ्याला मूळ गाणं आठवायला आधारच उरत नाही. मुरलेला माणूस अर्धी ओळ तशीच ठेवतो, ऐकणारा मनात पुढचा शब्द म्हणायला लागतो, आणि नेमका समेवर दुसराच शब्द येतो. म्हणजे अर्धं गाणं ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालू असतं. म्हणून विडंबन एकट्याने होत नाही. ज्याच्या कानात मूळ चाल नाही त्याच्यासाठी ते नुसतं एक विचित्र गाणं असतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. जपानमध्ये कामोन तात्सुओ नावाचे एक गायक-गीतकार आहेत. जन्म १९५९चा, ओसाकाच्या बाजूचे. राकुगो म्हणजे तिथली बसून गोष्ट सांगण्याची विनोदी कला, तिच्यात उमेदवारी करून ते गाण्याकडे आले. १९९१ साली त्यांची 'काएउता मेडली', म्हणजे बदललेल्या शब्दांच्या गाण्यांची माळ, तिथं खूप गाजली. लोकप्रिय गाण्याची एक ओळ घ्यायची, शेवटचा तुकडा बदलायचा, हशा आला की लगेच पुढचं गाणं. एका गाण्यावर ते काही सेकंदच थांबतात. विनोद शिळा व्हायच्या आत ते निघून जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी बाखच्या ऑर्गनवरच्या प्रसिद्ध 'टोकाटा अँड फ्यूग'ची सुरुवात उचलली. चर्चमधल्या त्या भारदस्त सुरांवर त्यांनी नाकातून दूध बाहेर येण्याचे शब्द बसवले. शाळेत डबा खाताना कुणी हसवलं की होतं तसं. आमच्या 'साजणी-बादली'चीच ही ओसाकाची बहीण.

पण कामोन यांच्या बाबतीत आम्हाला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे. तिथं दुसऱ्याच्या गाण्याचे शब्द बदलून ध्वनिमुद्रण काढायचं तर मूळ कर्त्याची संमती घ्यावी लागते, आणि कामोन ती घेत आले आहेत. म्हणजे ज्याची थट्टा करायची त्याला आधी विचारायचं. अमेरिकेतले 'वीअर्ड अल' यांकोविक हेही मूळ कलावंताला विचारूनच विडंबन करतात. आपल्या गिरणगावात कोण कुणाला विचारत होतं? कुणीच नाही. मग इथलं विडंबन बेजबाबदार होतं का? आम्ही म्हणतो, नाही. इथं जबाबदारीची दुसरी व्यवस्था होती. ती समजून घ्यायला डबलबारीकडे जाऊ.

डबलबारी म्हणजे काय हे इथं बसलेल्या मालवण-कणकवलीकडच्या मंडळींना सांगायला नको, पण हे पुढे ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा, समोर पेटी, बाजूला पखवाज, मागे झांजा आणि कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग होतो, गौळण होते आणि गजर होतो. गजरात बुवा मोकळा होतो. सिनेमाची ताजी चाल घ्यायची, तिच्यात देवाचं नाव गुंफायचं, आणि जाता जाता समोरच्या बुवाला चिमटा काढायचा. त्याचा सूर, त्याचं पाठांतर, त्याने मघाशी दिलेला चुकीचा दाखला, काहीही. लोक टाळ्या देतात. पण थोड्या वेळाने बारी समोर जाते. आणि ज्याला चिमटा काढला तो आता पेटीवर असतो.

जाखडीतही तेच. रत्नागिरीकडचा शक्ती-तुरा घ्या. मधे ढोलकी आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं. शक्तीवाला प्रश्न टाकतो, तुरेवाला उत्तर देतो, सवाल पुराणातला असो की समोरच्याच्या खिल्लीचा. घाटावर कलगी-तुऱ्याचीही हीच रीत. थट्टेला परवानगी लागत नाही, कारण थट्टा झालेल्याच्या हातात पुढची पाळी असते. संमती आधी घेतली जात नव्हती, उत्तराची जागा मात्र राखून ठेवलेली होती. आमच्या आजच्या बोलण्याचा हा मुख्य मुद्दा आहे. विनोदी गाण्याची कसोटी आम्ही अशी मांडतो: ज्याच्यावर हसलो त्याला उत्तर द्यायला जागा होती का?

ही कसोटी घेऊन जरा मागे जाऊ. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं लिहिली. विंचू, जोशी, वासुदेव, गोंधळ, जोगवा अशी रोजच्या जगण्यातली सोंगं घेतली आणि त्यांतून परमार्थ सांगितला. दादला नको म्हणणाऱ्या बाईचं भारूड शाहीर साबळ्यांच्या आवाजात तुम्ही सर्वांनी ऐकलं असेल. त्या भारुडात संसाराची तक्रार करणारी बाई स्वतः बोलते. रचणारा पुरुष, गाणाराही बहुतेक पुरुषच, पण तोंड बाईचं आहे. हसू येतं ते तिच्या घराच्या दैन्यावर. ते दैन्य ऐकणाऱ्याच्याही घरात असतं. म्हणून ते भारूड इतकी शतकं टिकलं असं आम्हाला वाटतं. त्यात हसणारा आणि ज्याच्यावर हसतो तो, दोघं एकाच ओसरीवर बसलेले आहेत.

आता आपल्या शेजारच्या शिवडीत या. बीडीडी चाळीत सिन्नरजवळच्या देशवंडीहून आलेला एक तरुण राहत होता. मोठेपणी इथंच तो अक्षरं शिकला. त्याचं नाव वामन कर्डक. पुढे आंबेडकरी चळवळीचे महाकवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते वामनदादा. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, आणि ते एका हिंदी सिनेगीताचं विडंबन होतं असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नुकती बाराखडी शिकलेल्या माणसाला छंदशास्त्र कुणी शिकवलं नाही. ओळीत किती मात्रा बसतात, यमक कुठं पडतं, श्वास कुठं घ्यायचा, हे त्याला ओळखीच्या चालीने शिकवलं. विडंबन ही त्यांची शाळा झाली. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली, त्यांतली अनेक लोकांच्या ओठी असलेल्या चालींवर. तिथं थट्टा नव्हती, पण युक्ती तीच होती: चाल लोकांची आहे, आता शब्द लोकांसाठी बदलू. म्हणून विडंबनाला 'उसनवारी' म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला उसनं घेऊनच सुरुवात करावी लागते.

आणि आता दादा कोंडके. दादांशिवाय हा विषय इथं पुरा होणार नाही आणि दादांवर नुसती स्तुती करूनही भागणार नाही.

दादा आपल्याच टापूतले. जन्म १९३२चा, नायगावचा. सेवादलाच्या कलापथकात घडले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगाने ते घराघरात गेले. १९७१ साली 'सोंगाड्या' आला. दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे मधे पडले ही हकीकत तर दंतकथेसारखी सांगितली जाते. मग 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम'. ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. या चित्रपटांतली कित्येक गाणी दादा स्वतः लिहीत. 'पांडू हवालदार'पासून संगीत राम-लक्ष्मण यांचं, दादांसाठी आवाज बहुतेक वेळा महेंद्र कपूर यांचा, आणि समोर उषा मंगेशकर.

दादांच्या गाण्याची रचना नीट बघा. ती डबलबारीचीच आहे. तो एक कडवं टाकतो, ती उत्तर देते. चाल तमाशातल्या झगड्याची, ठेका नाचायला लावणारा. शब्द शेतातले, आभाळाचे, पाटाच्या पाण्याचे. अर्थ दोन. पडद्यावरचा नायक ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारा नाडा घालून असा भोळा चेहरा करतो की दुसरा अर्थ आपल्याच डोक्यातून निघाला असं आपल्याला वाटावं. सेन्सॉरशी ते सतत भांडत राहिले, आणि त्यांचा बचाव हाच असे: शब्द साधे आहेत, वाईट अर्थ तुम्ही काढता. कारागिरी म्हणून हे मोठंच काम आहे. विडंबनात अर्धं गाणं ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालतं असं आम्ही मघाशी म्हटलं. दादांनी त्याच तत्त्वाने अर्धा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात ठेवला. दिवसभर मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला अडीच तास पोट धरून हसवलं, आणि शहरी मराठी सिनेमाने ज्याला विदूषक केलं होतं त्या गावंढळ माणसाला नायक केलं. हे श्रेय त्यांचंच.

पण आपली कसोटी लावा. समोर जी बाई उत्तर देते, तिचं उत्तर कुणी लिहिलं? ज्याने प्रश्न लिहिला त्यानेच. डबलबारीत समोरचा बुवा खरोखर समोर असतो आणि काय बोलेल याचा नेम नसतो. इथं समोरची बारीही आपल्याच माणसाने लिहिलेली आहे. ती बाई चिडते ती लाडिक चिडते, नकार देते तो होकारासाठीच. तिच्या तोंडून खरी तक्रार कधी येतच नाही. एकनाथांच्या भारुडातली बाई दादला नको म्हणते आणि का नको त्याची यादी देते. दादांच्या द्वंद्वगीतातल्या बाईला अशी यादी देण्याची मुभा नाही. शब्द अश्लील आहेत का, या वादात आपण चाळीस वर्षं घालवली. आमच्या मते तो वाद बाजूलाच राहू द्यावा. झगड्याचं रूप घेतलं आणि झगड्यातली दुसरी बाजू काढून घेतली, ही दादांच्या गाण्यांतली खरी उणीव आहे.

एक गंमत मात्र नोंदवली पाहिजे. १९७६च्या 'तुमचं आमचं जमलं'मध्ये मारुतीरायाचं एक गाणं आहे, दादांनीच लिहिलेलं. आज हनुमान जयंतीला ते देवळांच्या ध्वनिक्षेपकावर भक्तिगीत म्हणून लागतं. ऐकणाऱ्या अनेकांना ते कुठल्या सिनेमातलं आहे हे ठाऊकही नसतं. भजनी बुवा सिनेमाची चाल उचलून देवाला वाहतो, इथं सिनेमाचं अख्खं गाणंच देवळात जाऊन बसलं. लोक कुणाच्या गाण्याचं काय करतील ते लोकांच्या हातात असतं. आणि व्यवहाराची दुसरी बाजूही बघा. त्यांचं ढगाचं गाणं २०१९ साली 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटात पुन्हा वापरलं गेलं, तेव्हा हक्कांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. जे गाणं लग्नाच्या वरातीत कुणालाही न विचारता चाळीस वर्षं वाजलं, त्याच्यावरच्या मालकीचा निकाल कोर्टात लागतो. लोकांचं गाणं आणि कंपनीचं गाणं यांतली रेघ ही अशी असते.

आता आमची चूक.

आम्ही पोरं होतो तेव्हाची गोष्ट. इथंच, याच भागातल्या एका चाळीत. १९८२च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतरच्या गणपतीत घराघरांत ओढाताण होती. वर्गणी कमी, ऑर्केस्ट्राला पैसे नाहीत. तेव्हा मंडळाने ठरवलं की कार्यक्रम आपणच करू. आम्ही पाच-सहा जणांनी सिनेमाच्या चालींवर गाणी रचली. एक रेशनच्या दुकानावर, एक उधारी मागणाऱ्या वाण्यावर, एक आमच्याच वडिलांवर, जे संपामुळे दिवसभर घरात बसून आयांच्या कामात लुडबुड करत होते. वडीलमंडळी खाली बसून हसत होती. त्यांतल्या एकाने उठून तिथल्या तिथं आमच्या परीक्षेच्या मार्कांवर दोन ओळी जुळवून म्हटल्या आणि चाळ डोक्यावर घेतली गेली. बारी फिटली.

पण आणखी एक गाणं होतं. नळावर रोज भांडणारी एक बाई होती, एकटी राहणारी. तिच्या भांडणावर आम्ही गाणं केलं. तिची लकब, तिचा हेल, सगळं उचललं. त्या रात्री सगळ्यात मोठा हशा त्याच गाण्याला मिळाला. ती गॅलरीत उभी होती. गाणं संपायच्या आत आत गेली. तिने दार लावलं त्याचा आवाज आम्ही ऐकला, आणि त्यावरही कुणीतरी हसलं. पुढची दोन वर्षं ती गणपतीच्या कार्यक्रमाला खाली आली नाही. मग खोली सोडून गेली. आमच्यामुळे गेली असं नाही, तिच्या अडचणी वेगळ्या होत्या. पण नळावर ती भांडत होती याचं कारण आम्हाला नंतर कळलं. ती दुपारपाळीला धुणीभांडी करायला जायची आणि तिला पाणी भरायला तेवढीच अर्धा तास फुरसत असायची. रांगेत कुणी मधे घुसलं की तिचा दिवस कोसळायचा. हे गाण्यात कुठं होतं? कुठंच नव्हतं. वडिलांना आमच्यावर दोन ओळी म्हणता आल्या कारण ते पुरुष होते, मंडळातले होते, खाली सतरंजीवर बसलेले होते. तिला सतरंजीवर जागाच नव्हती. कारागिरी म्हणून ते आमचं सगळ्यात चांगलं गाणं होतं. मात्रा चोख होत्या. आणि तेच सगळ्यात वाईट गाणं होतं.

म्हणून मघाशी म्हटलं की या कसोटीपर्यंत यायला वर्षं लागली.

आज हे का बोलायचं? कारण उत्तराच्या जागा कमी होत चालल्या आहेत. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं, सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातलं. कोकणातल्या नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याच्या मंडळांना मुंबईत हक्काचं परवडणारं घर होतं ते. पुनर्विकासासाठी २०२३ साली ते बंद झालं. लालबागचं हनुमान थिएटर, जिथं तमाशाचे फड उभे राहायचे, ते त्याच्या कितीतरी आधी गेलं. चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. टॉवर नको असं आम्ही म्हणत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्यांना चांगलं घर मिळालंच पाहिजे. पण लिफ्टच्या दाराशी बारी बसत नाही. गॅलरीतल्या बाईला खालच्या पोराला ओरडून उत्तर देता येत होतं, निदान शक्यता होती. बाविसाव्या मजल्यावरून ते होत नाही.

विडंबन मात्र थांबलेलं नाही. उलट वाढलंय. मोबाईलवर रोज नवी रील येते, चालू गाण्यावर बदललेले शब्द. कारागिरी काही वेळा आमच्यापेक्षा सरस असते, हे मोकळेपणाने मान्य करू. पण ज्याच्यावर गाणं केलं तो समोर नसतो. तो दुसऱ्या शहरात असतो, त्याला आठवड्याने कळतं, तोवर लाखभर लोक हसून मोकळे झालेले असतात. खाली प्रतिक्रिया लिहिता येते हे खरं, पण ती बारी नव्हे. बारीत दोघांना सारखाच वेळ, सारखीच पेटी, सारखेच ऐकणारे मिळतात.

तेव्हा आमचं सांगणं इतकंच. घरी जाऊन आपापल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्या मंडळात, भजनात, खात्यात, गोदीत कोणती विडंबनं म्हटली जात होती? लिहून घ्या, आवाज भरून घ्या. चार गोष्टींची नोंद करा: चाल कुठली, प्रसंग कुठला, थट्टा कुणाची, आणि त्याने उत्तर काय दिलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवा. तीही नोंदच आहे.

(यानंतर श्रोत्यांचे काही प्रश्न झाले. त्यांतील दोन इथे देत आहोत.)

प्रश्न: तुमच्या कसोटीने पुढाऱ्यांवर विडंबन करताच येणार नाही का? तो काही समोर येऊन गाणार नाही.

उत्तर: छान विचारलंत. पुढाऱ्याजवळ माईक आहे, वर्तमानपत्र आहे, सभा आहे. त्याला उत्तराची जागा मागावी लागत नाही, ती त्याच्याकडे आधीच जास्त आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णाभाऊ साठे, साबळे यांनी सत्तेवर जे आसूड ओढले ते याच हिशेबात बसतात. तिथं उलट गाणाऱ्यालाच जागा करून घ्यावी लागत होती. कसोटी एवढीच विचारते की दोघांपैकी कुणाचा आवाज दाबलेला आहे.

प्रश्न: त्या बाईंची पुन्हा कधी गाठ पडली का?

उत्तर: नाही. शोध घेतला होता, पण उशिरा घेतला. ते गाणं आम्हाला अजून तोंडपाठ आहे. मघापासून तुम्ही वाट बघत असाल की म्हणून दाखवू. ते आम्ही म्हणत नाही.